गणकयंत्राच्या कचेरींतून राज्यकारभारांत

नगर-मनमाड रस्त्यानें शिर्डीकडे जाणारीं वाहनें कोल्हारच्या पुलावर प्रवरा ओलांडतात. नदीच्या एका तीरावर कोल्हार खुर्द, दुसऱ्या तीरावर कोल्हार बुद्रुक आणि भगवतीचें देवस्थान. असें हें जुनें, नांदतें ठिकाण. येथें एखाद्या सकाळीं सहज नजर फिरविली तर तीन वस्तु हटकून दृष्टीस पडतात. मोटारीच्या दर्शनी कांचेला आंतून चिकटविलेली एक लहानशी पट्टी. भाजीवालीच्या टोपलीशेजारीं उभी केलेली काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची पाटी. आणि स्वस्त धान्याच्या दुकानांत वजनकांट्याजवळ ठेवलेलें, आंगठा टेकवावयाचें छोटेंसें यंत्र. पट्टीमुळें टोलनाक्यावरील पैसे परस्पर वळते होतात. पाटीमुळें गिऱ्हाइकाच्या खात्यांतील रक्कम डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच विक्रेत्याच्या खात्यांत जाते. आणि यंत्रानें, धान्य न्यावयास आलेला मनुष्य तोच कीं दुसरा, याचा निवाडा होतो. ह्या तीन वस्तु तीन निरनिराळ्या खात्यांच्या असल्या तरी तिहींच्या जन्मकथेंत एक नांव समान आहे. तें नांव श्री. नंदन मोहनराव नीलेकणी यांचें.

यंत्रविद्येच्या धंद्यांत धन व कीर्ति मिळविलेला गृहस्थ पुढें दुसऱ्यांच्या धंद्यांत भांडवल घालतो आणि त्याच सुमारास सरकारास धोरणाचा सल्लाहि देतो, हा प्रकार अमेरिकेंत आतां रुळला आहे. आपल्याकडे तो अद्याप नवा आहे. म्हणून ह्या चरित्राकडे केवळ होतकरू मुलांनीं गिरवावयाचा कित्ता एवढ्याच दृष्टीनें पाहून भागणार नाहीं. असा मनुष्य राज्यकारभारांत शिरला म्हणजे सामान्य कुटुंबाच्या पदरांत काय पडतें, आणि तो जाब कोणास देतो, हेंहि पाहिलें पाहिजे.

नीलेकणी घराणें मूळचें उत्तर कानडा जिल्ह्यांतील शिरसीकडचें, घरची भाषा कोंकणी. नंदनरावांचा जन्म २ जून १९५५ रोजीं बंगळूर येथें झाला. वडील कापडगिरण्यांत व्यवस्थापक. त्यांच्या नोकरीची जागा बदलूं लागली तेव्हां, वयाच्या १२ व्या वर्षीं, मुलाची रवानगी धारवाडास काकांकडे झाली आणि त्याचें शालेय शिक्षण तेथें पुरें झालें. एकत्र कुटुंबाचे तोटे सांगणारे विद्वान् पुष्कळ आहेत. परंतु पुतण्यास आपल्या मुलांच्या पंक्तीस बसवून शिकविणाऱ्या काका-काकूंची कामगिरी मोठ्या माणसांच्या चरित्रांत एका ओळींत आटोपते, ही गोष्ट आम्हांस नेहमींच खटकत आली आहे.

१९७३ सालीं नंदनराव मुंबईस पवई येथील तंत्रशिक्षणसंस्थेंत, म्हणजे आय. आय. टी. मध्यें, दाखल झाले व १९७८ सालीं विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले. (ह्या संस्थेशीं जडलेल्या संबंधास ५० वर्षें झालीं तेव्हां, २०२३ सालीं, त्यांनीं तिला ३१५ कोटि रुपयांची देणगी दिली, विद्यार्थ्याचें ऋण फेडण्याची इतकी मोठी उदाहरणें आपल्या देशांत विरळा.) त्यानंतर पाटणी कंपनींत नोकरीसाठीं गेले असतां त्यांची परीक्षा घेऊन निवड करणारे वरिष्ठ होते श्री. नारायण मूर्ति. मूर्तींच्या मनांत स्वतंत्र धंदा काढण्याचें होतें. ता. २ जुलै १९८१ रोजीं पुण्यास सात जणांनीं मिळून इन्फोसिस ही कंपनी स्थापिली. त्या सातांत २६ वर्षांचे नीलेकणी होते. भांडवल १०,००० रुपये, आणि तेंहि मूर्तींच्या पत्नी सौ. सुधाबाईंनीं आपल्या पगारांतून शिल्लक टाकलेलें. सुधाबाई त्या वेळीं पुण्यास वालचंद उद्योगसमूहांत नोकरीस होत्या. आज ज्या कंपनीचें नांव जगाच्या बाजारांत घेतलें जातें, तिचा पाया पुण्याच्या एका राहत्या घरांत, एका कमावत्या गृहिणीच्या बचतीवर घातला गेला.

कंपनीजवळ आरंभीं स्वतःचा संगणकहि नव्हता. परदेशांतून यंत्र आणावयाचें तर दिल्लीच्या परवान्यावांचून पान हालत नसे, आणि परवान्यासाठीं दिल्लीच्या खेपा घालतां घालतां महिनेच्या महिने जात. मग ह्या तरुणांनीं अमेरिकेंत गिऱ्हाइकाच्या कचेरींत जाऊन, त्याच्याच यंत्रावर त्याचें काम करून द्यावें, असा मार्ग काढला. १९८३ सालीं कंपनीचें बिऱ्हाड पुण्याहून बंगळुरास हाललें. १९९३ सालीं तिचे भाग सर्वसाधारण लोकांस विक्रीस निघाले व १९९९ सालीं न्यूयॉर्कच्या नॅस्डॅक बाजारांत तिची नोंद झाली. २००२ ते २००७ हीं पांच वर्षें नीलेकणी कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी होते. एवढ्या अवधींत कंपनीची वार्षिक उलाढाल सुमारे सहापट होऊन ३०० कोटि डॉलरांच्या घरांत गेली. हा सर्व भाग इतक्या ठिकाणीं लिहिला गेला आहे कीं येथें अधिक विस्तार नको. दिल्लीच्या खेपांचा अनुभव मात्र ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. सरकारी दप्तराच्या दारांत ताटकळलेला मनुष्य पुढें त्याच दप्तराचा कारभार सुधारण्यास बोलाविला जाणार होता.

२००८ सालीं त्यांनीं भारताच्या भवितव्यावर एक मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक नागरिकास एक ओळख-क्रमांक असावा, हा विचार त्यांत मांडलेला होता. ग्रंथकाराच्या सूचना ग्रंथांतच राहाव्या, ही सर्वसाधारण रीत. येथें उलट घडलें. पुढच्याच वर्षीं पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनीं त्यांस नव्या ओळख-प्राधिकरणाचें अध्यक्षपद मंत्र्याच्या दर्जासह देऊं केलें आणि जुलै २००९ मध्यें नीलेकणी इन्फोसिसचें पद सोडून दिल्लीस गेले. कंपनीचे भाग अर्थातच त्यांच्या मालकीचेच राहिले.

आतां ह्या "आधार" नांवाच्या योजनेची रचना थोडी उलगडून पाहूं. कारण कसलेला कारखानदार काय टाळतो, हें तींत दिसतें. माणसाची माहिती गोळा करूं लागलें म्हणजे प्रत्येक खात्यास वाटतें कीं आपलाहि एक रकाना त्यांत असावा. जात लिहा, धर्म लिहा, उत्पन्न लिहा, अशी यादी वाढत जाते आणि कामाचें घोडें अडतें. ह्या योजनेंत नांव, जन्मतारीख, स्त्री कीं पुरुष कीं अन्य, आणि पत्ता एवढेच सक्तीचे रकाने ठेवले. जात व धर्म मुळींच विचारले नाहींत. जोडीला दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची आकृति आणि चेहऱ्याचें छायाचित्र. ह्यावरून प्रत्येकास १२ आंकड्यांचा क्रमांक. त्यांतील शेवटचा आंकडा आधींच्या अकरांवरून गणितानें काढलेला असतो, म्हणजे लिहितांना एखादा आंकडा चुकला तर यंत्रास तें तत्काळ कळतें. पुढें दुकानांत आंगठा टेकला कीं मध्यवर्ती भांडाराकडे प्रश्न जातो, हा आंगठा ह्या क्रमांकाचाच काय? भांडारानें उत्तर द्यावयाचें तें मुख्यतः "होय" किंवा "नाहीं" एवढेंच.

पहिले क्रमांक कोठें द्यावयाचे, ह्याची निवडहि सूचक होती. राजधानींत समारंभ न करतां ता. २९ सप्टेंबर २०१० रोजीं तो महाराष्ट्रांत, नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली ह्या आदिवासी खेड्यांत झाला. पंतप्रधान आणि सोनिया गांधी तेथें गेल्या होत्या, व देशांतील पहिला क्रमांक तेथल्या एका मोलमजुरी करणाऱ्या स्त्रीस मिळाला. त्या घरचें दारिद्र्य क्रमांकानें हटलें नाहीं, हें वृत्तपत्रांनीं पुढें अनेकदां तेथें जाऊन लिहिलें. नीलेकणींनीं मार्च २०१४ मध्यें पद सोडलें तेव्हां सुमारे ६० कोटि लोकांची नोंद झाली होती. २०१६ च्या एप्रिलांत ती १०० कोटींवर गेली.

ह्याच काळांत इतर खात्यांचीं कामेंहि त्यांच्याकडे आलीं. टोलनाक्यावर गाडी न थांबवितां पैसे कसे घ्यावे, हें ठरविणाऱ्या २०१० सालच्या समितीचे ते प्रमुख होते. रेडिओलहरींनीं ओळखतां येईल अशी पट्टी वाहनास लावावी, ही शिफारस त्या समितीची. तीच आजची फास्टॅग, २०२१ च्या फेब्रुवारीपासून राष्ट्रीय महामार्गांवर सक्तीची झालेली. वस्तु-सेवा कराचें हिशेबी जाळें सांभाळण्यास निराळी कंपनी असावी, ही कल्पनाहि त्यांच्याच एका समितीच्या अहवालांतून पुढें आली. भाजीवालीच्या पाटीमागें जी यू. पी. आय. ही योजना आहे, ती मुंबईच्या राष्ट्रीय देयक महामंडळानें एप्रिल २०१६ मध्यें सुरू केली. तिच्या उभारणीच्या काळीं नीलेकणी महामंडळाचे सल्लागार होते. एका बँकेच्या खातेदारानें दुसऱ्या बँकेच्या खातेदारास, मध्यें कोणाची पेढी न येतां, पैसे धाडावे, हें तिचें मर्म. २०२० च्या जानेवारीपासून अशा व्यवहारावर विक्रेत्याकडून दलाली घेण्यास सरकारनें मनाई केली, त्यामुळें दहा रुपयांची कोथिंबीर विकणारीसहि ही पाटी परवडते.

येथवर सर्व यशाचाच पाढा झाला. दुसरी बाजू आंगठ्याची आहे.

ज्यानें आयुष्यभर खुरपें, कुदळ किंवा कोयता धरला, ज्या बाईनें चुन्याचीं घमेलीं वाहिलीं किंवा भांडीं घांसलीं, तिच्या बोटांवरील रेषा झिजतात. वार्धक्यांत तर त्या आणखी पुसट होतात. ऊंसतोडणीच्या ह्या मुलुखांत तें निराळें सांगावयास नको. म्हणजे धान्याची गरज ज्यास सर्वांत अधिक, त्याचाच आंगठा यंत्रास ओळखूं न येण्याचा संभव अधिक. त्यांत कोठें मोबाईलची लहर पोंचत नाहीं, कोठें यंत्राची विजेरी उतरलेली. बंगळूरच्या कचेरींत बसून ह्या योजनेकडे पाहिलें तर शंभरांतून एखाद-दोन चुका हें उत्तम यंत्राचें लक्षण ठरेल. पण कोटींच्या गणनेंत ते एखाद-दोन म्हणजे लक्षावधि चुली होतात. २०१७ सालीं झारखंडांतील सिमडेगा जिल्ह्यांत एक ११ वर्षांची मुलगी मरण पावली. क्रमांक न जोडल्यामुळें कुटुंबाची शिधापत्रिका रद्द झाली व पोरगी उपासमारीनें गेली, असें घरच्यांचें म्हणणें; ती आजारानें गेली, असें सरकारचें. खरें कारण कोणतेंहि असो, ज्या घरांत धान्य यावयास हवें होतें त्या घरांत तें महिनोन् महिने आलें नव्हतें.

विरोध संसदेंतहि झाला. २०११ च्या डिसेंबरांत अर्थखात्याच्या स्थायी समितीनें ह्या विषयाचें विधेयक नापसंत केलें. कायद्यावांचून वर्षानुवर्षें चाललेल्या ह्या योजनेस कायदा लाभला तो २०१६ सालीं, आणि तोहि धनविधेयकाच्या वाटेनें, म्हणजे राज्यसभेच्या नकारास किंमत राहणार नाहीं अशा रीतीनें. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ति पुट्टस्वामी यांनीं २०१२ सालींच सर्वोच्च न्यायालयाचें दार ठोठावलें होतें. ता. २६ सप्टेंबर २०१८ रोजीं पांच न्यायाधीशांनीं चार विरुद्ध एक अशा मतांनीं योजना कायम केली. मात्र बँकांनीं, मोबाईलवाल्यांनीं व इतर खासगी कंपन्यांनीं क्रमांकाची सक्ती करूं नये, असें बजाविलें. विरुद्ध मत देणारे एकटे न्यायमूर्ति धनंजय चंद्रचूड होते. त्यांच्या मतें धनविधेयकाची वाटच घटनेशीं प्रतारणा करणारी होती. इतकें सांगणें न्याय्य होईल कीं, कायदा झाला तेव्हां नीलेकणी पदावर नव्हते. परंतु कायदा येण्यापूर्वींच ६० कोटि माणसांचे ठसे घेतले गेले होते, ही त्यांच्याच कारकीर्दींतील गोष्ट. आधीं करून दाखवावें, परवानगीचें मागून पाहावें, ही कारखान्यांतील उद्यमशीलता राज्यकारभारांत आणली म्हणजे काय होतें, ह्याचा हा नमुना आहे.

पद सोडल्यावर २०१४ सालीं ते दक्षिण बंगळुरांतून काँग्रेसतर्फे लोकसभेस उभे राहिले आणि श्री. अनंतकुमार यांच्याकडून सुमारे सव्वादोन लाख मतांनीं पराभूत झाले. नवें सरकार योजना गुंडाळणार, अशी बोलवा होती. निकालानंतर थोड्याच आठवड्यांत नीलेकणी नव्या पंतप्रधानांस भेटले, आणि योजना गुंडाळली तर गेली नाहींच, उलट वाढली. मतदारांनीं ज्यास नाकारलें त्याचा सल्ला मात्र दोन्ही राजवटींत ग्राह्य ठरला, हें त्याच्या योग्यतेचें प्रमाण मानावें कीं लोकशाहीपुढील कोडें, ह्याचा निर्णय वाचकांनींच करावा. आम्हांस तें दोन्ही वाटतें.

त्यानंतर त्यांनीं भांडवल घालणाऱ्याची भूमिका घेतली. चंद्रावर यान धाडूं पाहणारी टीम-इंडस, मालमोटारींचा व्यवहार जुळविणारी फॉर्टिगो, अशा नव्या कंपन्यांत त्यांनीं आपले पैसे घातले. २०१७ सालीं श्री. संजीव अगरवाल यांच्यासह त्यांनीं फंडामेंटम् नांवाचा निधि उभारला. अगदीं बाल्यावस्थेंतील कंपन्यांस पैसे देणारे पुष्कळ, पण पायावर उभ्या राहिलेल्या कंपनीस वाढविण्यासाठीं देशी भांडवल मिळत नाहीं, ही उणीव भरून काढावी हा त्याचा हेतु. जुन्या मोटारी विकणारी स्पिनी, घरपोंच औषधें पुरविणारी फार्मईझी ह्या कंपन्यांत त्या निधीचा पैसा गेला. पैकीं फार्मईझीस २०२३ सालीं आपले भाग पूर्वींच्या भावाच्या एका क्षुल्लक अंशास विकून कर्ज फेडावें लागलें, तेव्हां ह्या धंद्यांत दूरदृष्टीच्या माणसासहि ठेंच लागते, हें उघड आहे. त्याच २०१७ सालच्या ऑगस्टांत इन्फोसिसमध्यें कलह होऊन मुख्याधिकारी पायउतार झाले तेव्हां जुन्या भागीदारांनीं नीलेकणींसच अध्यक्ष म्हणून परत बोलाविलें. २०१९ सालीं रिझर्व्ह बँकेनें रोकडीविना व्यवहार वाढविण्यासाठीं नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले.

येथें खरी विचाराची जागा आहे. सरकारच्या पैशानें व अधिकारानें सार्वजनिक रस्ता आंखून द्यावा आणि मग त्या रस्त्यावर ज्यांच्या गाड्या धांवतील अशा कंपन्यांच्या बाजारांत आपले पैसे गुंतवावे, ह्यांत बेकायदेशीर कांहीं नाहीं, आणि नीलेकणींनीं पदाचा गैरफायदा घेतल्याचें कोठें सिद्ध झालेलें नाहीं. तथापि रस्ता सर्वांचा असला तरी गाड्या थोड्यांच्याच होतात, हें यू. पी. आय. च्या बाबतींत दिसून आलें आहे: देशांतील अशा व्यवहारांपैकीं ८० टक्क्यांहून अधिक दोनच कंपन्यांच्या हातून होतात, आणि दोहोंचें भांडवल मुख्यतः अमेरिकन आहे.

सल्लागारानें उद्योगांत हात घालण्याचा प्रयोग आपल्या ह्या परिसरास अगदींच अपरिचित नाहीं. कोल्हारहून संगमनेरच्या रस्त्यानें थोडें गेलें कीं लोणी व प्रवरानगर लागतें. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, कालव्याचें पाणी आलें, ऊंस पिकूं लागला. पण साखरेचा नफा खासगी कारखान्यांकडे जाई. विठ्ठलराव विखे पाटलांनीं शेतकऱ्यांचे भाग जमवून सहकारी कारखाना काढावयाचें योजिलें, तेव्हां त्याचे पहिले अध्यक्ष झाले पुण्याच्या गोखले अर्थशास्त्रसंस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजला शिकलेला हा पंडित लोणीच्या माळावर ऊंसवाल्यांमध्यें बसून यंत्रांचे व कर्जाचे हिशेब करी. १९५०-५१ सालीं पहिलें गाळप झालें. पुढें १९६७ सालीं गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि केंद्राची मदत राज्यांस कोणत्या प्रमाणांत वांटावी, ह्याचें १९६९ सालचें सूत्र त्यांच्याच नांवानें ओळखलें जातें.

दोघांच्या कामाचा आवांका भिन्न, काळहि भिन्न. तुलना फार ताणूं नये. पण एक भेद ढळढळीत आहे. सहकारी कारखान्याच्या अध्यक्षास वर्षांतून एकदां सभासदांपुढें उभें राहून, ऊंसाचा भाव एवढाच कां, ह्याचें उत्तर द्यावें लागतें, आणि विचारणारा सभासद पागोटें सांभाळीत पुढच्याच रांगेंत बसलेला असतो. ज्याचा आंगठा जुळला नाहीं त्या म्हाताऱ्यानें मात्र कोणत्या सभेंत उठून बोलावें? त्याच्या समोर असतो दुकानदार. आणि दुकानदार यंत्राकडे बोट दाखवितो.

ह्या प्रश्नाची जाणीव नीलेकणींच्या घरांतच कोणास अधिक असेल, तर ती सौ. रोहिणीबाईंस, असें आम्हांस वाटतें. त्या माहेरच्या सोमण, मुंबईच्या मराठी घरांत वाढलेल्या, व्यवसायानें पत्रकार. त्यांचे आजोबा बाबासाहेब सोमण हे बेळगांवचे वकील. १९१७ सालीं गांधीजींच्या हांकेसरशीं चंपारण्यांत जे स्वयंसेवक धांवून गेले त्यांत ते होते. रोहिणीबाईंनीं मुलांच्या स्वस्त पुस्तकांसाठीं २००४ सालीं प्रथम बुक्स ही संस्था काढण्यांत पुढाकार घेतला, पाण्याच्या कामासाठीं अर्घ्यम् ही संस्था स्वतःच्या संपत्तींतून चालविली, आणि समाज आधीं, सरकार व बाजार मागाहून, असा क्रम त्या आपल्या लेखनांतून सतत मांडीत असतात. यजमानांचा सारा उद्योग सरकार व बाजार यांची सांधेजोड करण्याचा. एका घरांत दोन मतें सुखानें नांदतात, हेंहि कांहीं कमी नाहीं. दोघांनीं २०१७ सालीं आपली निम्मी संपत्ति लोककार्यास देण्याचें जाहीर वचन दिलें आहे.

आंगठ्याच्या बाबतींत वाचकांच्या उपयोगाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ता. २४ ऑक्टोबर २०१७ रोजीं ओळख-प्राधिकरणानें सर्व सरकारी खात्यांस परिपत्रक धाडलें आहे कीं, ठसा जुळला नाहीं, यंत्र बंद पडलें किंवा क्रमांकच नसला, तरी त्या कारणानें कोणाहि पात्र मनुष्यास धान्य किंवा अन्य लाभ नाकारूं नये. दुसऱ्या मार्गानें ओळख पटवून द्यावें आणि तशी नोंद अपवादांच्या वहींत करावी. बोटांच्या रेषा झिजल्या असल्यास नोंदणी-केंद्रांत जाऊन ठसे नव्यानें देतां येतात. आपल्या घरीं भांडीं घांसणारी बाई, मळ्यांत राबणारा वृद्ध गडी यांच्यापैकीं कोणी रित्या पिशवीनें परत आलें, तर घरांतील शिकलेल्या मुलानें किंवा सुनेनें त्यांच्याबरोबर दुकानांत जावें, वहींत नोंद करण्यास सांगावें, आणि दुकानदार ऐकेना तर राहात्याच्या तहसील कचेरींतील पुरवठा शाखेकडे, नकाराची तारीख घालून, लेखी अर्ज द्यावा.